ग्रेटे वाइट्स: वीस किलोमीटरच्या सरावावर मॅरेथॉनचा विश्वविक्रम?

नॉर्वेची ग्रेटे वाइट्स १९७८ साली पहिल्यांदा मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत, धावली आणि त्याच दिवशी विश्वविक्रम करून बसली. त्याआधी सरावात ती वीस किलोमीटरच्या फारशी पुढे गेलीच नव्हती म्हणतात. मग आम्हाला बत्तीस-बत्तीस किलोमीटरचे लाँग रन कशासाठी करायला लावता, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की न्यूयॉर्क मॅरेथॉन नऊ वेळा जिंकूनही तिच्या नावावर ऑलिम्पिकचं सुवर्णपदक नाही, तरी सर्वकाळच्या श्रेष्ठ धावपटूंत तिचं नाव का घेतात?

वीस किलोमीटरची हकीकत खरी आहे. फक्त ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. त्या मॅरेथॉनच्या आधीची सात-आठ वर्षं कुणी सांगत नाही, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवताना हे मला वारंवार सांगावं लागतं, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

ग्रेटेचा जन्म ऑस्लोचा, १ ऑक्टोबर १९५३. माहेरचं आडनाव आंदेर्सन. घरात दोन थोरले भाऊ, आणि त्यांच्याबरोबरीने पळायची तिला लहानपणापासून हौस. शेजारी टेर्ये पेडरसन राहायचा, भालाफेकीत नव्वद मीटरची हद्द पहिल्यांदा ओलांडणारा खेळाडू. त्याच्या सांगण्यावरून ती विडार या ॲथलेटिक्स क्लबात दाखल झाली. सतराव्या वर्षी तिने १५०० मीटरमध्ये ज्युनिअर गटाचा युरोपीय विक्रम केला.

आता १५०० मीटरच का? कारण त्यापुढे मुलींना जायला जागाच नव्हती. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून खाली बसल्या-पडल्या, वर्तमानपत्रांनी त्याचं अवडंबर माजवलं आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून गायब झाली. पुरुष शर्यत संपल्यावर आडवे झाले तर त्याला जिद्द म्हणत, ते असो. १५०० मीटर आली १९७२ ला, म्युनिकमध्ये. ३००० मीटर आणि मॅरेथॉन १९८४ ला, १०,००० मीटर १९८८ ला, आणि ५००० मीटरला १९९६ साल उजाडलं. या तारखा ध्यानात ठेवा, कारण ग्रेटेच्या कारकिर्दीवर त्यांचीच छाया आहे.

म्युनिकला ती गेली तेव्हा एकोणीसचीही नव्हती. १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाली. चार वर्षांनी माँट्रिअलला उपांत्य फेरीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. मध्ये १९७४ ला रोमच्या युरोपीय स्पर्धेत १५०० चं कांस्य मिळालं होतं, म्हणजे ती कच्ची नव्हती. पण १५०० मीटर शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरच्या झेपेवर जिंकली जाते आणि ती झेप तिच्यापाशी नव्हती. तिचा जोर होता सलग, एका लयीत, दुसऱ्यांची दमछाक होईल अशा वेगात. ३००० मीटरचा विश्वविक्रम तिने १९७५ ला केला, ८ मिनिटे ४६.६ सेकंद, आणि १९७६ च्या जूनमध्ये तोच ८:४५.४ वर आणला. त्यानंतर महिन्याभरात माँट्रिअलचं ऑलिम्पिक सुरू झालं, तर तिथे बायकांसाठी ३००० मीटर शर्यत नाही! विश्वविक्रम हातात आणि शर्यतच नाही, म्हणून निम्म्या अंतराच्या शर्यतीत उतरायचं. तिच्या नावावर ऑलिम्पिक सुवर्ण का नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हे सगळं चालू असताना ती शाळेत शिक्षिका होती, पूर्णवेळ. पहाटे पाचच्या सुमारास पहिला सराव, मग शाळा, संध्याकाळी दुसरा सराव. ऑस्लोच्या हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधार आणि पायाखाली बर्फ. १९७५ ला तिने याक वाइट्सशी लग्न केलं आणि पुढे तोच तिचा प्रशिक्षक, व्यवस्थापक सगळं काही झाला. १९७८ च्या मार्चमध्ये ग्लासगोला ती जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली. चिखल, चढउतार, ओढे-गवत, आणि पहिल्या पावलापासून ताणलेला वेग. तिच्या स्वभावाला ही शर्यत फार मानवायची. पुढे १९७९, १९८०, १९८१ आणि १९८३ लाही ती जिंकली. पण १९७८ लाच प्रागच्या युरोपीय स्पर्धेत ३००० मीटरला पुन्हा कांस्यच. पंचविशीला आलेली, नोकरी करणारी बाई ट्रॅकवरून निवृत्त होण्याच्या विचारात होती.

न्यूयॉर्क मॅरेथॉनची कल्पना याकची. एकदा अमेरिका बघून येऊ, थोडी सहल होईल, इतकंच. स्पर्धेचा संचालक फ्रेड लीबो याला ती मॅरेथॉनमध्ये काही करेल अशी अपेक्षा नव्हती. पहिले काही किलोमीटर वेगात धावून इतर बायकांना ओढून नेईल, अशी पेसमेकर म्हणून त्याने तिला बोलावलं. नोंदणी इतकी उशिरा झाली, की छातीवर क्रमांक मिळाला ११७३ आणि छापील यादीत नाव नाही. ती पहिली येत होती तेव्हा ही कोण, हेच कुणाला कळेना. वेळ लागला २ तास ३२ मिनिटे ३० सेकंद. आधीचा विश्वविक्रम जर्मनीच्या क्रिस्टा फालेनझीकचा, २:३४:४७. ग्रेटेने तो दोन मिनिटांहून जास्त फरकाने मोडला, आणि तिच्यामागे दुसरी आलेली बाई नऊ मिनिटांनी पोचली.

इथे जरा हिशेब करू. २:३२:३० म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटे ३७ सेकंद. ३००० मीटरच्या विक्रमाचा तिचा वेग होता किलोमीटरला २ मिनिटे ५५ सेकंद. म्हणजे ज्या वेगाला बाकीच्या बायका जिवाच्या करारावर धावूनही पोचत नव्हत्या, तो तिच्या शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरला ४२ सेकंदांनी संथ. जोराच्या पळण्यात स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट रक्तात साठायला लागतं त्या वेगाच्या ती बरीच खाली होती. दिवसातून दोनदा सराव करून वर्षानुवर्षं कमावलेला दमसास, क्रॉस कंट्रीने घडवलेले पाय, ट्रॅकने बसवलेली शिस्तबद्ध ढब. हृदय-फुप्फुसांच्या बाजूने पाहिलं तर मॅरेथॉनची तयारी पूर्ण झालेली होती, फक्त तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता उलट बाजू. ३००० मीटर पावणेनऊ मिनिटांत धावणारी बाई आज माझ्यासमोर आली तर मी तिला तयारीनिशी अडीच तासांच्या आतली मॅरेथॉन सांगेन. कुठलाही प्रशिक्षक हेच सांगेल. म्हणजे १९७८ चा तो विश्वविक्रम ग्रेटेच्या स्वतःच्या कुवतीच्या खालचा होता! आधीचा विक्रम मोडला गेला, कारण मुळात तोच कच्चा होता, आणि विक्रम कच्चा होता कारण बायकांना मॅरेथॉन धावू देऊन उणीपुरी दहा वर्षंही झाली नव्हती. बॉस्टन मॅरेथॉनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ ला. त्याआधी १९६७ ला कॅथरीन स्विट्झरने आद्याक्षरांनी नाव नोंदवून भाग घेतला तेव्हा तिला भर शर्यतीत ओढून बाहेर काढायचा प्रयत्न झाला होता.

आणि लाँग रन न केल्याची किंमत ग्रेटेने पुरेपूर मोजली. शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये तिच्या मांड्यांत गोळे आले. रस्त्यावरच्या पाट्या मैलांत, तिला मैलांचा अंदाज नाही. किती उरलंय हेच कळत नव्हतं. झाडं दिसली की वाटायचं हाच सेंट्रल पार्क, आणि तो काही येईना. याकला मनातल्या मनात शिव्या घालत ती धावली, आणि शर्यत संपताच पायातले बूट काढून त्याच्या अंगावर फेकले. असला मूर्खपणा पुन्हा करणार नाही, हे तिचे त्या वेळचे उद्गार धावपटूंच्या जगात पुढे दंतकथेसारखे फिरले.

शरीरात काय झालं असेल? तिला दम कमी पडला नाही. कमी पडले स्नायू. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत आदळ झेलतो आणि दोन-अडीच तास हे चाललं की त्याचे तंतू फाटायला लागतात. त्याच वेळी स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचं इंधन, तिशीच्या आसपासच्या किलोमीटरला संपत येतं. या दोन्ही गोष्टींची तयारी ट्रॅकवर होत नाही, क्रॉस कंट्रीतही पुरती होत नाही. ती लांब पळूनच होते. पुढच्या वर्षी ती न्यूयॉर्कला परत आली तेव्हा तिला अंतर ठाऊक होतं आणि पायांनाही. वेळ लागला २ तास २७ मिनिटे ३३ सेकंद. अडीच तासांच्या आत मॅरेथॉन धावणारी ती पहिली बाई. दोन शर्यतींमध्ये पाच मिनिटांचा फरक. या पाचांतली किमान तीन-चार मिनिटं तरी मी तिच्या पायांच्या खात्यावर टाकेन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच आहे.

१९८० ला न्यूयॉर्कमध्येच २:२५:४२, लागोपाठ तिसऱ्या वर्षी विश्वविक्रम. चौथा लंडनला, १७ एप्रिल १९८३, २:२५:२९. त्याचं आयुष्य एका दिवसाचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बॉस्टनमध्ये अमेरिकेची जोन बेनॉइट २:२२:४३ धावली.

बॉस्टनबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे ग्रेटे हरली तशी शिकवण्यासारखी दुसरी हार मला माहीत नाही. साल १९८२. विक्रमी वेगाने ती सगळ्यांच्या पुढे होती आणि ३७ किलोमीटरच्या आसपास थांबली. दम होता, आघाडी होती, पाय मात्र वाकेनात. बॉस्टनचा रस्ता सुरुवातीला बराचसा उताराचा आहे, मग न्यूटनच्या टेकड्या चढायच्या आणि त्यानंतर पुन्हा उतार. उतारावर वेग फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. त्याची वसुली मांड्यांकडून होते. सपाट रस्त्यावर कितीही लांब पळालात तरी उताराचा हा मार झेलायची सवय होत नाही, ती उतारावर पळूनच करावी लागते. त्याआधी १९८१ च्या न्यूयॉर्कलाही तिने नडगीच्या दुखण्यामुळे शर्यत सोडली होती आणि न्यूझीलंडची ॲलिसन रो जिंकली होती. या दोन अर्धवट शर्यती वगळल्या तर १९८४ च्या उन्हाळ्यापर्यंत तिने पूर्ण केलेली प्रत्येक मॅरेथॉन तिनेच जिंकली होती. त्यात १९८३ चं हेलसिंकी आलं, जगातल्या पहिल्या ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली महिला मॅरेथॉन, २:२८:०९, दुसरीच्या तीन मिनिटं आधी.

मग आलं लॉस एंजेलिस, ५ ऑगस्ट १९८४, बायकांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन. इथे खूप जण म्हणतात की ग्रेटे डावपेचात चुकली. पाचेक किलोमीटरवरच बेनॉइट घोळक्यातून सुटली. ग्रेटे, तिचीच देशभगिनी इंग्रिड क्रिस्टियान्सेन, पोर्तुगालची रोझा मोटा, कुणीच मागे गेलं नाही. ऊन वाढत जाणार, इतक्या लवकर सुटलेली धावपटू शेवटी थकून हाती लागते, हा सर्वसाधारण अनुभव. बेनॉइटच्या गुडघ्यावर तर त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस शस्त्रक्रिया झालेली. अशा वेळी मीही धावपटूला थांब म्हणूनच सांगितलं असतं. पण बेनॉइट थकली नाही. २:२४:५२. ग्रेटे ८६ सेकंदांनी मागे, २:२६:१८, रौप्य. मोटा तिसरी, क्रिस्टियान्सेन चौथी.

आदल्या दिवशी ग्रेटेची पाठ इतकी धरली होती, की ती धावणार की नाही इथवर वेळ आली होती. हे तिच्या बाजूने सांगतात, पण मला तेवढ्या सबबीचीही गरज वाटत नाही. त्या दिवशी उतरलेल्यांत बेनॉइटच सर्वांत वेगवान होती. कागदावर ती ग्रेटेच्या जवळपास तीन मिनिटं पुढे होती. तिच्याकडून हरणं हे काही अपयश नव्हे.

आता तुमचा दुसरा प्रश्न नीट मांडून बघा. १९७६ ला ती ३००० मीटरची विश्वविक्रमवीर, ऑलिम्पिकमध्ये ती शर्यत नाही. १९८० ला ती मॅरेथॉनची विश्वविक्रमवीर, मॉस्कोत महिला मॅरेथॉन नाही, शिवाय नॉर्वेने त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकलेला. म्हणजे दाराला दोन कुलपं. दार उघडलं तेव्हा ती एकतिशीला टेकलेली आणि तिने घालून दिलेल्या वाटेवरून पळणाऱ्या चौघी-पाच जणी तिच्या तोडीच्या झालेल्या. ऑलिम्पिक समितीने महिला मॅरेथॉनला मान्यता दिली १९८१ ला. त्यासाठी कॅथरीन स्विट्झर आणि इतरांनी वर्षानुवर्षं खटपट केली, त्याचं श्रेय त्यांचंच. पण ती चर्चा चालू असताना बायकांना हा पल्ला झेपत नाही असं म्हणणाऱ्यांपुढे २:२७ आणि २:२५ हे आकडे होते, हा योगायोग मी किरकोळ मानत नाही. सुवर्णपदकांच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

न्यूयॉर्कचे नऊ विजय असे: १९७८, ७९, ८०, मग १९८२ पासून ८६ पर्यंत सलग पाच, आणि शेवटचा १९८८. स्वतःचा सर्वोत्तम वेळ तिने लंडनला १९८६ मध्ये दिला, २:२४:५४, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तोवर क्रिस्टियान्सेनने विक्रम २:२१:०६ वर नेऊन ठेवला होता. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकआधी ग्रेटेच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तिथे तिला शर्यत अर्ध्यात सोडावी लागली, आणि जेमतेम सहा आठवड्यांनी ती न्यूयॉर्क नवव्यांदा जिंकली. गुडघ्याचं दुखणं घेऊन येणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगत नाही. लगेच अनुकरण करायला बघतात.

तिची एक मॅरेथॉन मात्र वेळाच्या दृष्टीने अगदीच सामान्य आणि तरी सगळ्यांच्या लक्षात राहिलेली आहे. फ्रेड लीबोला मेंदूचा कर्करोग झाला होता. आयुष्यभर ज्या स्पर्धेचं आयोजन केलं ती आपल्या साठीच्या वर्षी स्वतः धावायची त्याची इच्छा होती. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रेटे सबंध अंतर त्याच्याबरोबर धावली. ५ तास ३२ मिनिटे. वेगवान धावपटूला इतका वेळ पायांवर राहणं सोपं नसतं, हेही प्रशिक्षक म्हणून सांगून ठेवते. तिच्या शरीराला अडीच तासांची सवय होती आणि हा वेळ त्याच्या दुपटीहून जास्त होता. लीबो १९९४ ला गेला.

२००५ मध्ये तिला स्वतःलाच कर्करोगाचं निदान झालं. उपचार चालू असतानाही तिने व्यायाम सोडला नाही आणि २००७ मध्ये ‘आक्तिव मोत क्रेफ्त’ (कर्करोगाविरुद्ध सक्रिय) ही संस्था उभी केली. कर्करोगाच्या रुग्णांना उपचारांदरम्यान देखरेखीखाली व्यायाम करता यावा म्हणून नॉर्वेतल्या रुग्णालयांत खास खोल्या उभारणं हे तिचं मुख्य काम. १९ एप्रिल २०११ ला ग्रेटे गेली, सत्तावन्न वर्षांची होती. अंत्यसंस्कार सरकारी खर्चाने झाले. ऑस्लोच्या बिसलेट स्टेडियमपाशी तिचा पुतळा आहे, तो तिच्या हयातीतच, १९८४ ला उभारलेला. त्याच सुमारास ऑस्लोत तिच्या नावाने फक्त बायकांची एक शर्यतही सुरू झाली होती आणि तिला पुढे हजारोंनी बायका येत.

राहता राहिला तुमचा लाँग रन. ज्यांच्या पाठीशी ट्रॅकची आठ वर्षं आहेत त्यांनाही तो चुकला नाही, तेव्हा तुम्हाला सूट नाही. पण दर रविवारी बत्तीस किलोमीटर करायची गरज नाही. शर्यतीच्या आधीच्या तीन महिन्यांत २८ ते ३२ किलोमीटरचे तीन-चार पुरेत, शेवटचा शर्यतीच्या तीन आठवडे आधी, आणि वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत. मॅरेथॉनला साडेचार-पाच तास लागणाऱ्यांनी किलोमीटर मोजूच नयेत, घड्याळ बघावं. तीन तास झाले, फार तर सव्वातीन, की थांबावं. मार्गात उतार असतील तर सरावातही उतार हवेत, आठवड्याला एकदा, सुरुवातीला अगदी थोडे. आणि वेगाचा एक दिवस सोडू नका: हजार हजार मीटरच्या पाच-सहा खेपा, मध्ये दोन-तीन मिनिटं हलकं पळणं. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तुमची अलीकडची पाच आणि दहा किलोमीटरची वेळ कळवा, म्हणजे मॅरेथॉनचा वेग किती धरायचा ते सांगता येईल.